एकत्र राहणाऱ्या सुलकाटा कासवांसाठी तळाचा थर आणि घर कसे निवडावे

सुलकाटा कासवाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम दोन इंच लांब आणि पोळीसाठी घेतलेल्या कणकेच्या उंड्याएवढ्या वजनाचे असते. तेच पिल्लू नीट वाढले तर पुढे तीस-चाळीस किलोंच्या वर जाते; जमिनीवर राहणाऱ्या कासवांमध्ये गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरच्या कासवांनंतर आकाराने याच जातीचा क्रमांक लागतो. त्यामुळे त्याचे घर एकदाच बांधून मोकळे होता येत नाही. पिल्लासाठी बंद, उबदार पेटी, ते वीतभर झाले की त्याहून मोठी पेटी आणि दिवसा बाहेरचे ऊन, आणि शेवटी अंगणातील कुंपण व रात्रीची खोली, असे टप्पे धरावेच लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर पायाखालचा थर वेगळा असतो. कासवे एकाहून अधिक असतील तर जागेचा, आडोशाचा आणि स्वच्छतेचा हिशेब पुन्हा बदलतो. पुण्याच्या पूर्वेला आमच्या अंगणात गेली दहा वर्षे तीन सुलकाटा आहेत. आधी ती एकत्र होती, आता दोन एकीकडे आणि एक वेगळे अशी राहतात. त्या अनुभवातून आणि आमच्या हातून झालेल्या चुकांतून जे पक्के समजले, तेवढेच येथे मांडत आहे.

कोणते कासव पाळता येते, हे आधी स्पष्ट असावे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असलेले आपले भारतीय स्टार कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि 2019 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. ते घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेले असो, कोणी भेट दिलेले असो की शेताच्या बांधावर सापडलेले असो. असे कासव कोणाकडे असेल तर त्याचे घर कसे बांधावे हा प्रश्नच उरत नाही. वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवून ते सुपूर्द करावे. सुलकाटा ही आफ्रिकेतील जात आहे आणि साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम 49एम नुसार आणि 2024 च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते, आणि पिल्ले झाली, मृत्यू झाला किंवा प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावे लागते. नर आणि मादी एकत्र राहणार असतील तर हा भाग विशेष लक्षात ठेवावा, कारण मादी एका खेपेला पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक अंडी घालू शकते.

सोबत की गर्दी

दुसरे कासव आणण्यामागे बहुतेकांचा हेतू चांगला असतो. पहिल्याला एकटे वाटू नये, असे त्यांना मनापासून वाटत असते. परंतु कासवाला पोपटासारखी किंवा कुत्र्यासारखी सोबतीची गरज नसते. दोन पिल्ले एकमेकांवर चढून झोपलेली दिसली की पाहणाऱ्याला त्यात माया दिसते. प्रत्यक्षात दोघांनाही तीच एक उबदार किंवा तीच एक अंधारी जागा हवी असते आणि वर चढलेले पिल्लू खालच्याला तेथून हलवू पाहत असते. म्हणून ज्यांच्याकडे एकच कासव आहे त्यांनी केवळ सोबतीसाठी दुसरे आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे आधीच एकाहून अधिक आहेत त्यांनी दोन ही संख्या सर्वांत अवघड समजावी. दोघांमध्ये एक वरचढ ठरते आणि त्याचा सगळा रोख दिवसरात्र त्या एकाच दुसऱ्यावर राहतो. तीन-चार सारख्या आकाराची असली तर हा दाब थोडा वाटला जातो, पण पूर्ण नाहीसा होत नाही. प्रौढ नर दोन असतील तर त्यांना एकत्र ठेवू नये. ते पुढच्या बाजूच्या पोटाच्या कवचाचे टोक खाली घालून एकमेकांना उलथवतात. अडचण अशी, की नर की मादी हे कवच साधारण चौदा इंचांचे होईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही आणि तेथवर पोहोचायला काही वर्षे जातात. विकणाऱ्याने तीन माद्या म्हणून दिलेल्या पिल्लांपैकी एक नर निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. आमच्याकडेही तसेच झाले. यासाठी पहिल्या पेटीपासून शेवटच्या कुंपणापर्यंत प्रत्येक घर बांधताना ते मधोमध विभागता येईल, अशी तजवीज सुरुवातीलाच करून ठेवावी. पेटीच्या आत दोन्ही बाजूंना उभी खाच पाडून ठेवली की फळी सरकवणे हे एका मिनिटाचे काम होते. भांडण झाल्यावर सुताराला बोलावायचे म्हटले, तर तोवर एखाद्याचा पाय चावलेला असतो.

दुसऱ्या जातीचे कासव सुलकाटासोबत कधीही ठेवू नये. एका जातीला त्रास न देणारे विषाणू आणि जंतू दुसरीला जिवावर बेतणारे ठरू शकतात, आणि बाहेरून निरोगी दिसणारे कासवही ते बाळगून असू शकते. त्याच जातीचे नवे कासव आले तरी किमान तीन महिने त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. या काळात मात्र तळाला वर्तमानपत्राचे किंवा टिश्यू पेपरचे थर घालावेत, कारण विष्ठा स्पष्ट दिसते, तपासणीसाठी उचलता येते आणि रोज सगळे बदलून टाकता येते. कागद हे पोट कायमचे टेकवण्याचे साधन नाही. त्यावर पाय घसरतात आणि त्यात ओलावा टिकत नाही. या तीन महिन्यांपुरतेच त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. जंत आढळले तर औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. गुराढोरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना मारक ठरते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

कोरड्या वाळूची चूक

सुलकाटा सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या साहेल पट्ट्यातील प्राणी आहे, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरचा. एवढे वाचून अनेकजण पिल्लाला कोरड्या वाळूवर ठेवतात. आम्हीही पहिली दीड वर्षे तेच केले. प्रत्यक्षात तेथील कासवे दिवसाचा मोठा भाग स्वतः खणलेल्या बिळात घालवतात, आणि बिळात जमिनीचा ओलावा टिकून असतो. कोरड्या हवेत वाढणाऱ्या पिल्लाच्या कवचाचे खवले सपाट वाढण्याऐवजी एकेक टेकडीसारखे वर उचलले जातात. ऑस्ट्रियातील संशोधकांनी 2003 साली सुलकाटाच्याच पिल्लांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की या उंचवट्यांवर आहारातील प्रथिनांपेक्षा हवेतील ओलाव्याचा परिणाम कितीतरी अधिक होतो. आमच्या सर्वांत मोठ्या कासवाच्या पाठीवर ही कहाणी आजही वाचता येते. प्रत्येक खवल्याच्या मध्यभागी दीड वर्षाचा उंच, खडबडीत माथा आहे. त्याभोवती, तळ बदलल्यानंतर आलेल्या वाढीचा गुळगुळीत, सपाट पट्टा आहे. झालेला उंचवटा परत बसत नाही. नवी वाढ तेवढी सुधारता येते.

पिल्लांच्या पेटीतील ओलावा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास असावा, आणि तो देण्याचे काम मुख्यतः तळाच्या थराचे आहे. वरून फवारे मारून पाच मिनिटांचा ओलावा मिळतो. चार इंच जाडीचा थर आठवडाभर ओलावा सोडत राहतो. यासाठी आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारी आणि माझ्या मते सर्वांत योग्य वस्तू म्हणजे कोकोपीट. रोपवाटिकेत त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. पाच किलोंची एक वीट भिजवली की साठ लिटरहून अधिक भरते, म्हणजे पिल्लांच्या पेटीला एक वीट सहसा पुरते. घेताना ‘लो ईसी’ म्हणजे धुतलेले कोकोपीट मागावे. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्यात मीठ उरते, म्हणून धुतलेले असे सांगून दिले तरी घरी दोनदा पाण्यात घालून, जुन्या कापडातून पिळून घ्यावे. त्यात खत, निंबोळी पेंड किंवा पर्लाइट मिसळलेले नाही याची खात्री करावी. पर्लाइटचे पांढरे दाणे पिल्लांना हमखास खावेसे वाटतात.

नुसते कोकोपीट वरून वाळले की त्याची बारीक धूळ उडते आणि डोळे चिकटू लागतात. म्हणून आम्ही तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेली तांबडी माती मिसळतो, आणि वरून नारळाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे अर्धा इंच पसरतो. ऑर्किडसाठी मिळणारी झाडाची सालही वरच्या थराला चालते, पण तुकडे तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे हवेत.

भिजवण्याची रीत येथे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत अधिक चुका यातच होतात. थर भरताना मिश्रण मुठीत घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि बोटांच्या फटीतून पाणी गळले नाही, तर ओल बरोबर आहे. पाणी ठिबकले तर ते पसरून वाळू द्यावे. गोळा उघडताच भुगा झाला तर आणखी पाणी घालावे. पेटीत भरल्यानंतर पुढचे पाणी वरून शिंपडू नये. चारही कोपऱ्यांत बोटाने खळगा करून त्यात कोमट पाणी हळूहळू ओतावे, म्हणजे ते तळाशी पसरते आणि पिल्लाचे पोट जेथे टेकते तो वरचा भाग जवळजवळ कोरडा राहतो. वरचा थर सतत चिकट ओला राहिला तर पोटाच्या कवचाच्या सांध्यांत पांढरट, मऊ, वास येणारे डाग पडतात. ही कवच कुजण्याची सुरुवात असते. आणि ओल्यासोबत गारवा आला तर छाती भरते, नाकातून फुगे येतात. ओलावा आणि ऊब ही जोडी कधी तोडू नये. ऊब देता येत नसेल त्या दिवशी ओलावाही कमी ठेवावा.

ज्या वस्तू वापरू नयेत त्यांची कारणे थोडक्यात अशी. निव्वळ वाळू आणि कॅल्शिअमची म्हणून विकली जाणारी वाळू खाण्यासोबत पोटात जाऊन आतड्यात साठते. सुतारकामातला भुसा कोणत्या लाकडाचा आहे हे समजत नाही, देवदार-पाइनसारख्या लाकडातील तेलांचा श्वासाला त्रास होतो, आणि भुसा ओला झाला की बुरशी धरतो. मांजरांच्या लिटरचे खडे पाणी शोषून फुगतात. कृत्रिम हिरवळीचे धागे सुटून नख्यांभोवती आवळतात किंवा गिळले जातात.

पेटी

दोन-तीन पिल्लांसाठी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी ही सुरुवात आहे, आणि ती वर्षभराहून फार अधिक पुरत नाही. काचेची माशांची टाकी या कामाला मी सुचवणार नाही. तिच्या आरपार दिसत असल्याने पिल्लू दिवसभर काचेला धडका देते, आणि वर जाळी असली की ऊब व ओलावा दोन्ही उडून जातात. बाजू अपारदर्शक हव्यात. आम्ही पाण्यात टिकणाऱ्या प्लायची पेटी करून आत पाणीरोधक लेप दिला, दोन आठवडे उन्हात वास जाऊ दिला आणि वरून झाकण केले; पुढच्या बाजूला काचेचे सरकते दार ठेवले, ज्याच्या खालचा सहा इंचांचा भाग प्लायचाच आहे, म्हणजे थर बाहेर पडत नाही आणि पिल्लाच्या डोळ्यांसमोर काच येत नाही.

एका टोकाला दिव्याखाली कवचाच्या उंचीवर 35 ते 37 अंश सेल्सिअस आणि सर्वांत गार कोपऱ्यातही रात्रंदिवस 27 अंशांच्या खाली नाही, अशी व्यवस्था हवी. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लावावा. खालून तापवणारे पॅड वापरू नयेत, कारण कासव ऊब पाठीवरून घेते आणि पोटाखालची उष्णता त्याला लवकर कळत नाही. अतिनील किरणांसाठी यूव्हीबी नळी लागतेच. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण उरत नाहीत, म्हणून खिडकीजवळ ठेवलेली पेटी त्यासाठी उपयोगी नाही. वीज जाण्याची वेळ ज्यांच्या परिसरात ठरलेली आहे त्यांनी पेटीच्या मापाची जाड गोधडी शिवून ठेवावी. दिवे बंद झाले, की तिने झाकलेली पेटी आमच्याकडे चांगला वेळ ऊब धरते. दिवे चालू असताना मात्र ती पेटीवर चुकूनही टाकू नये.

आता एकापेक्षा अधिक पिल्लांचा भाग. उबेचा दिवा एकच असेल तर एकच पिल्लू पोटभर ऊब घेते. दोन दिवे थोड्या अंतराने लावावेत, किंवा एका लांबट पट्ट्यावर ऊब पसरेल अशी मांडणी करावी. लपण्याच्या जागा पिल्लांच्या संख्येहून एक अधिक हव्यात आणि त्या सगळ्या गार टोकाला ठेवू नयेत. एक तरी उबदार बाजूला आणि आतून विशेष ओली हवी. फुटलेली मातीची कुंडी आडवी पुरली की उत्तम गुहा होते, फक्त फुटलेली कड घासून बोथट करावी. गुहांच्या मध्ये फरशीचे तुकडे किंवा छोटी झुडपे उभी करावीत, म्हणजे एकाला दुसरे सतत दिसत राहणार नाही. खाणे प्रत्येकासाठी वेगळ्या फरशीच्या तुकड्यावर, एकमेकांपासून दूर द्यावे. कुंडीखाली ठेवतात ती मातीची उथळ बशी पाण्यासाठी सर्वांत चांगली. पाणी पिल्लाच्या हनुवटीवर जाऊ नये.

विष्ठा आणि उरलेला पाला रोज उचलावा, आठवड्यातून एकदा थर हाताने खालीवर करावा, आणि तीन-चार महिन्यांनी सगळा बदलावा. तीन पिल्ले असतील तर हा काळ आणखी कमी होतो. पेटी उघडल्याबरोबर नाकात झोंबणारा वास आला, तर दिवस मोजत बसू नये, थर त्याच दिवशी काढावा. मुंग्या आल्या तर पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. कीटकनाशक खडू किंवा पावडर पेटीच्या आसपासही नको.

अंगण

कासव वीतभरापेक्षा मोठे झाले की दिवसा बाहेर, रात्री आत असा क्रम सुरू करावा, आणि आणखी मोठे झाल्यावर त्याला अंगणातच हलवावे. ज्यांच्याकडे अंगण नाही आणि पुढेही होण्याची शक्यता नाही, त्यांनी ही जात घेऊ नये. सदनिकेच्या बाल्कनीत तीस किलोंचे कासव ठेवणे म्हणजे त्याला आयुष्यभर फरशीवर घासत ठेवणे आहे.

अंगणात तळाचा थर म्हणजे जमीनच, पण जमीन कोणती हे पाहावे लागते. आमच्या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पायाला चिकटते. त्यात खणलेले बीळ पहिल्याच जोरदार पावसात खचू शकते आणि आत कासव गाडले जाऊ शकते. आम्ही वरची दीड फूट काळी माती काढून खाली मुरूम भरला, त्यावर तांबडी माती आणि नदीची वाळू मिसळून टाकली, आणि एका बाजूला उतार ठेवला. कोकणात किंवा कोल्हापूरच्या बाजूला जेथे जांभ्याची माती आहे तेथे निचऱ्याचा प्रश्न कमी असेल, पण पाऊस कितीतरी अधिक असल्याने उंचवटा मोठा करावा लागेल. कोबा किंवा शहाबादी फरशी संपूर्ण अंगणाला घालू नये. पोटाचे कवच आणि नख्या झिजतात आणि मे महिन्यात ती चटका देते. काही भागात हरळी वाढू द्यावी, ती बिछाना आणि खाणे दोन्ही होते. तुती, जास्वंद आणि फड्या निवडुंग कुंपणाच्या आत चालतात. कण्हेर, घाणेरी, धोतरा आणि मनी प्लांट मुळासकट काढून टाकावेत.

भिंत दोन फूट उंच आणि जमिनीखाली किमान दीड फूट उतरलेली हवी, कारण सुलकाटा खणण्यात अतिशय तरबेज असते. तारेची जाळी चालत नाही. पलीकडे दिसते म्हणून ते ढकलत राहते आणि पाय किंवा मान अडकते. सिमेंटचे ठोकळे किंवा विटा याच खऱ्या. कोपरे काटकोनात सोडू नयेत. विटांचे बांधकाम करून ते गोलाकार करावेत. हे मी उगीच लिहीत नाही. आमचा नर सात वर्षांचा असताना मे महिन्यातील एका दुपारी त्याने मादीला ढकलत ढकलत कोपऱ्यात नेले आणि उलथवले. मोकळ्या जागेत पाय आणि मान रेटून ती कदाचित पुन्हा सुलटी झाली असती. दोन्ही बाजूंनी भिंत असल्याने तिला हलताच आले नाही. सुदैवाने माझ्या पत्नीच्या लवकर लक्षात आले. मादीचे तोंड उघडे होते, तोंडाभोवती फेस होता आणि पोटाचे कवच हाताला तव्यासारखे लागत होते. सावलीत नेऊन, साध्या पाण्याने हळूहळू गार करून ती वाचली. त्याच आठवड्यात चारही कोपरे गोल केले आणि मधली भिंत बांधली. तशी भिंत बांधताना ती भरीव असावी. जाळीपलीकडे दुसरे कासव दिसत राहिले, तर नर दिवसभर तेथेच धडका देत राहतो.

उन्हाळ्यासाठी त्याला जमिनीखालचा गारवा लागतो. स्वतः खणू देण्याऐवजी आम्ही तीन फूट व्यासाचे सिमेंटचे नळे तिरपे पुरून, वर माती घालून, त्यावर गवत वाढवले आणि नळ्याच्या तळाला अर्धा फूट माती भरली. येथे एकत्र ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: नळ्याची दोन्ही तोंडे उघडी असावीत. एकच तोंड असेल तर दांडगे कासव दाराशी बसते आणि आतले बाहेर येऊ शकत नाही. नळे किंवा सावलीचे आडोसे कासवांच्या संख्येहून एक अधिक, हा नियम अंगणातही तोच. उन्हाळ्यात एका कोपऱ्यात पाणी सोडून चिखल करून द्यावा. त्यात ती तासन्तास बसतात.

रात्रीची खोली

सुलकाटा थंडीत झोपी जाणारी जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे पारा कित्येकदा दहा अंशांच्या आसपास येतो, आणि तो त्यांना सोसत नाही. म्हणून एक छोटी, बंद, तापवता येणारी खोली लागते. एका मोठ्या कासवाला चार फूट बाय चार फूट एवढी जागा किमान धरावी आणि प्रत्येकाचा कप्पा वेगळा करावा. दिवसा गुण्यागोविंदाने चरणारी कासवे रात्री एका गरम कोपऱ्यासाठी भांडतात. खोलीचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट उंच घ्यावे, चढायला हलक्या उताराची खडबडीत उतरण करावी आणि दाराला शीतगृहात असतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लावाव्यात. भिंतीत थर्मोकोल घालायचे असेल तर ते दोन प्लायच्या मध्ये पूर्ण बंद करावे. उघड्या थर्मोकोलचा तुकडा कासव आनंदाने खाते, आणि तो पोटातून सहज बाहेर पडत नाही.

येथील तळासाठी हिवाळ्यात आम्ही वाळलेल्या गवताचा सहा-आठ इंचांचा थर घालतो. भाताचा पेंढाही चालतो, मात्र तो कोरडा आणि धूळ झटकलेला हवा. गवत घातले की खोलीत उबेचा लाल दिवा टांगू नये. दिवा निसटून गवतावर पडला तर आग लागायला फार वेळ लागत नाही. जाळीच्या आवरणातला, भिंतीला पक्का बसवलेला नळीसारखा हीटर किंवा वरून तापणारे सपाट पॅनेल वापरावे आणि थर्मोस्टॅट 26-27 अंशांवर ठेवावा. पावसाळ्यात गवत दोन-तीन दिवसांत कुबट होते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही ते काढून कोकोपीट आणि तांबड्या मातीचा थर घालतो. तो चिखलाळ पायांनी आलेली ओल शोषून घेतो आणि वरचा इंचभर भाग खरवडून बदलता येतो. पावसाची झड लागली की कासवांना खोलीतच ठेवावे. नळ्यांची तोंडे या चार महिन्यांत आम्ही फळ्यांनी बंद करतो, कारण पाणी भरलेल्या नळ्यात शिरलेले कासव मागे वळू शकत नाही.

लहान कासवे बाहेर असतील तेव्हा वरून जाळी हवीच. कावळे, घारी, मुंगूस, घुशी आणि मोकाट कुत्री यांपैकी काही ना काही प्रत्येक वस्तीत असते, आणि घूस झोपलेल्या पिल्लाचा पाय कुरतडते.

वजनाची वही

एकत्र ठेवलेल्या कासवांमध्ये मारामारी दिसली नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजू नये. त्रास बहुतेक वेळा निमूटपणे चाललेला असतो. एक पिल्लू सतत थरात गाडून घेते, दिव्याखाली येत नाही, दुसरे जवळ आले की डोके आत ओढते, खाताना दुसरे त्याच्यासमोर येऊन आडवे उभे राहते; हे सारे दबलेपणाचे लक्षण आहे. याचा खरा पुरावा वजनात मिळतो. पिल्लांचे वजन दर रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर, सकाळी खाण्याआधी, करून वहीत लिहावे. आमच्या वहीत दीड वर्षाच्या वयाची एक नोंद आहे: 410, 395 आणि 260 ग्रॅम. तिन्ही एकाच वेळी आणलेली, एकच खाणे खाणारी. त्या तिसऱ्याला त्याच दिवशी वेगळ्या पेटीत हलवले, खाण्यात काहीही बदल केला नाही, आणि दोन महिन्यांत ते 340 ग्रॅमवर गेले.

वेगळे केलेले पिल्लू वजन भरल्यावर पुन्हा त्याच पेटीत सोडायचा मोह होतो. सोडायचेच असेल तर जुन्या घरात सोडू नये. पेटीचा थर पूर्ण बदलावा, गुहा आणि आडोसे नव्या जागी मांडावेत, आणि सगळ्यांना त्या नव्या घरात एकाच वेळी सोडावे, म्हणजे कोणाचाही आधीचा हक्क उरत नाही. त्यानंतरचे पहिले चार रविवार वजन चुकवू नये. त्याचे वजन सलग दोनदा घटले तर खाचेत फळी सरकवावी आणि ती पुन्हा काढू नये. हे प्रत्येक काम झाले की साबणाने हात धुवावेत, विशेषतः घरात लहान मुले असतील तर, कारण निरोगी कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. आणि काढलेला जुना थर भाजीच्या वाफ्यात न टाकता फुलझाडांच्या किंवा मोठ्या झाडांच्या बुंध्याशी टाकावा.